वैऱ्याला बी जपा : आपली बोली अनुवादातून राखण्याची एक रीत

जपानच्या ईशान्य भागात, इवाते प्रांताच्या प्रशांत महासागराकडील किनाऱ्यावर, ओफुनातो नावाचे बंदर आहे. त्याच्या आसपासच्या परिसराला केसेन म्हणतात. तेथे दवाखाना चालवणारे डॉक्टर यामाउरा हारुत्सुगु आपल्या परिसराच्या बोलीला आग्रहाने 'केसेन-गो', म्हणजे केसेन भाषा, असे म्हणत आले. जपानीत बोलीसाठी रूढ असलेला 'बेन' हा शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळला. रुग्ण तपासता तपासता त्यांनी या बोलीचे व्याकरण मांडले, २००० साली तिचा दोन खंडांचा कोश प्रसिद्ध केला आणि त्यानंतर बायबलातील चारही शुभवर्तमाने मूळ ग्रीकवरून केसेनमध्ये उतरवली. ती २००२ ते २००४ या काळात ओफुनातोतूनच प्रकाशित झाली, आणि प्रत्येक पुस्तकासोबत त्यांच्याच आवाजातील वाचनाची ध्वनिमुद्रिका होती.

मराठवाड्यातील वाचकाला या डॉक्टरांची ओळख करून देण्याचे कारण त्यांनी निवडलेल्या क्रमात आहे. बोली राखायची म्हटले की आपण शब्दांची यादी करतो, एखादा शब्दसंग्रह छापतो आणि थांबतो. यामाउरांनी कोश केला, पण ते कोशावर थांबले नाहीत. ज्या बोलीला शिकलेली माणसे हसत होती, तिच्यावर त्यांनी जगातील सर्वांत गंभीर मानल्या गेलेल्या मजकुरांपैकी एक मजकूर लादला आणि ती तो पेलते की नाही हे पाहिले. पुढे जी रीत सांगितली आहे ती याच कल्पनेवर उभी आहे. स्वतःचे लिहिताना माणूस अडलेल्या जागेला वळसा घालून जाऊ शकतो; अनुवादकाला ती सोय नसते. मुळात जे आहे ते आपल्या बोलीत शोधावेच लागते, आणि त्या शोधात घरातल्या माणसांनीही कित्येक वर्षांत न उच्चारलेले शब्द वर येतात.

आधी बोली ठरवावी

'मराठवाडी बोली' हे नाव सोयीचे आहे, परंतु त्या नावाची एकच एक बोली कोठेही बोलली जात नाही. लातूर-धाराशिवकडे 'काय करायलास?' असे विचारतात, वैजापूर-कन्नडच्या बाजूला 'काय करू राहिला?' हे कानावर पडते, आणि परभणी-हिंगोलीकडचे 'कामून', म्हणजे 'का', निलंग्याच्या म्हातारीला परके वाटते. दक्षिणेकडे कन्नड भाषेचा आणि नांदेडच्या पूर्वेला तेलुगूचा शेजार आहे, आणि सगळ्या आठ जिल्ह्यांवर १९४८ पर्यंतच्या निजामी कारभाराची उर्दू पसरलेली आहे. म्हणून अनुवाद सुरू करण्यापूर्वी एक गाव, एक पिढी आणि शक्य असल्यास एकच व्यक्ती ठरवावी. आपली आजी, चुलता, शेजारची कापूस वेचणारी बाई, कोणीही चालेल; मात्र प्रत्येक वाक्य 'ही व्यक्ती असे म्हणेल का?' या एकाच प्रश्नावर तपासता आले पाहिजे. चार तालुक्यांतील चार गोड शब्द एकत्र करून घडवलेली बोली कोणाच्याच तोंडची राहत नाही.

त्या व्यक्तीचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. हे काम फोनवर होते आणि त्याला फार तयारी लागत नाही. परवानगी घ्यावी, आरंभी तारीख, गाव आणि वय मोठ्याने सांगून ठेवावे आणि 'याला तुमच्यात काय म्हणतात?' असा प्रश्न शक्यतो विचारू नये. तसे विचारले की समोरचे माणूस शाळेत शिकलेली मराठी बोलू लागते. त्याऐवजी सोयाबीनची रास चालू असताना, किंवा येळवसेच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दिवशी रानात कडब्याच्या कोपीपाशी भज्जी आणि आंबील झाल्यावर गप्पांना बसावे. नंतर टिपण करताना सुटा शब्द लिहू नये, पूर्ण वाक्य लिहावे. 'उलीसं' याचा अर्थ 'थोडेसे' एवढे लिहिलेले टिपण अनुवादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. 'उलीसं सरकून बस की' हे वाक्य पडते, कारण त्यातून तो शब्द कोठे बसतो हे कळते.

या कामाला आपल्याकडे मोठा आधार आहे. अभ्यासक गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांत बीड जिल्ह्यातील बायकांचे आवाजही आहेत. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातील नमुनेही पाहावेत. आपल्या गावाचे त्यात काही नसले तरी शेजारच्या तालुक्याचे असते आणि दोहोंमधील फरक कळणे हाही अभ्यासच आहे.

मजकूर कोणता घ्यावा

पहिला मजकूर छोटा, गंभीर आणि प्रताधिकारमुक्त असावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन मुक्त होते, परंतु त्या लेखनाचा अलीकडचा इंग्रजी किंवा मराठी अनुवाद मुक्त नसतो, ही गोष्ट बरेच जण विसरतात. दुसऱ्याच्या ताज्या अनुवादावरून अनुवाद करून तो छापायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते.

विनोदी मजकूर पहिल्यांदा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली बोली रंगमंचावर आणि फोनवरच्या चित्रफितींमध्ये हशा मिळवण्यासाठी इतकी वापरली गेली आहे की, तिच्यात कोणी शोक करत असेल तरी प्रेक्षक हसायला तयार होऊन बसतो. आधी ती सवय मोडली पाहिजे.

बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट हा आरंभासाठी फार चांगला मजकूर आहे, आणि त्याला एक खास कारण आहे. ब्रिटिश काळातील भाषातज्ज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातील भाषांच्या पाहणीत बोलींचे नमुने म्हणून हीच गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांकडून त्यांच्या त्यांच्या बोलीत करवून घेतली होती. मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यामुळे आपण आज केलेला अनुवाद शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यांशेजारी ठेवून पाहता येतो. दुसरा मजकूर भारतीय संविधानाची उद्देशिका. तिच्यात एकच वाक्य आहे, पण त्या एका वाक्याने मला जितके दिवस अडवून धरले तितके एखाद्या कथेनेही धरले नसते. तिच्याकडे शेवटी येतो.

प्रत्यक्ष अनुवाद

सर्वांत नेहमीची चूक आधी सांगतो, कारण ती मीही केली आहे. प्रमाण मराठीतील वाक्य तसेच ठेवायचे आणि फक्त क्रियापदांची व सर्वनामांची रूपे बदलायची, ही ती चूक. 'त्याच्या मनात भीतीची भावना निर्माण झाली' याचे 'त्येच्या मनात भीतीची भावना निर्माण झाली व्हती' असे केले तर ते बोलीतील वाक्य होत नाही. शाळेतल्या वाक्याला मुंडासे बांधल्यासारखे ते दिसते. बोलीत भीतीची भावना निर्माण होत नाही. तेथे 'त्येला लई भ्याव वाटलं' किंवा 'त्येच्या पोटात गोळाच उठला' असे होते. त्यामुळे मूळ परिच्छेद दोन-तीनदा वाचावा, पुस्तक मिटावे, ठरवलेल्या व्यक्तीला सांगत आहोत असे समजून तो फोनवर बोलून ठेवावा आणि ते बोलणे ऐकून लिहावे. मग मूळ पुस्तक उघडून काय सुटले आणि काय जास्तीचे आले ते तपासावे. हा शेवटचा टप्पा गाळला तर हाती अनुवाद राहत नाही, नुसती गोष्ट उरते.

आता खरी अडचण. यामाउरांपुढे 'शत्रूवर प्रेम करा' हे वाक्य आले, तेव्हा जपानी बायबलात रूढ असलेला प्रेमाचा शब्द त्यांच्या गावात कोणीच वापरत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मुळातील ग्रीक शब्दाचा शोध घेत त्यांनी त्या जागी 'दाइजी नि सुरु' हा रोजच्या वापरातला प्रयोग आणला. एखादी वस्तू किंवा माणूस मोलाचे मानून सांभाळणे, असा त्याचा अर्थ होतो. वैरी आवडला पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही; आवडत नसतानाही त्याला मोलाचा समजून वागवायचे आहे. बोलीचा शब्द शोधण्याच्या निमित्ताने मूळ वाक्याचाच अर्थ अधिक स्वच्छ झाला.

हेच वाक्य लातूरकडच्या बोलीत आणायचे झाल्यास काय करावे? 'प्रेम करणे' आमच्याकडे सिनेमातले आणि लग्नाआधीचे आहे. 'माया करणे' आहे, पण माया वरून खाली वाहते. आई लेकरावर करते, मालक वासरावर करतो, बरोबरीच्या वैऱ्यावर कोणी माया करत नाही. 'जीव लावणे' जवळ येते, परंतु त्यात मन गुंतते, आणि वैऱ्यात मन गुंतावे अशी अपेक्षा मुळात नाही. मग 'जपणे' उरते. म्हातारी लेकराला जपते, तशी बैलाच्या दुखऱ्या खुरालाही जपते आणि आलेल्या पाहुण्याचा मानही जपते. त्यात भावनेपेक्षा रोजची कृती अधिक आहे. म्हणून 'वैऱ्याला बी जपा'. तीन शब्दांच्या या वाक्यासाठी चार क्रियापदे तोलावी लागली, आणि ती चारही आपल्या बोलीत वेगवेगळे काम करतात हे मला या अनुवादापूर्वी कधीही इतके नीट कळले नव्हते.

दुसरे उदाहरण रूढ मराठी बायबलातील 'जे आत्म्याने दीन ते धन्य' या वाक्याचे आहे. यामाउरांनी त्यातील 'आत्म्याने दीन' या जागी ज्यांना आधार नाही, आशा नाही आणि ज्यांचे मन एकाकी, धास्तावलेले आहे अशी माणसे उभी केली. आपल्याकडे 'ज्येला कुणाचा आधार न्हाई, ज्येचं मन खचलंय' असे म्हणता येईल. येथे एका शब्दाचे पाच-सहा शब्द झाले म्हणून संकोच करू नये. बोलीला भाववाचक नामांपेक्षा क्रियापदे जवळची असतात आणि नाम उलगडून सांगणे ही तिची चालच आहे. उलट, केवळ वजन यावे म्हणून एखादा संस्कृत शब्द तसाच ठेवला की, ज्या आजीसाठी लिहितो आहोत तिलाच दाराबाहेर उभे केल्यासारखे होते. उर्दूतून आलेल्या शब्दांचे मात्र वेगळे आहे; 'दरखास्त', 'खासरा', 'मुचलका' हे शब्द आमच्याकडे तीन-चार पिढ्या मुरलेले आहेत आणि शुद्धीकरणाच्या नावाखाली ते काढणे म्हणजे बोलीचाच एक तुकडा काढणे होय.

निवेदन कोणाचे

बोली फक्त संवादात आणि निवेदन प्रमाण मराठीत, ही विभागणी आपल्या कथासाहित्यात बराच काळ चालत आली आहे. ती सोपी असली तरी तिच्यात एक अन्याय दडलेला आहे: बोलणारे गावंढळ आणि सांगणारा शहाणा, असे चित्र वाचकाच्या मनात आपोआप तयार होते. जपानी अनुवादांतही परदेशी कादंबऱ्यांमधील गुलामांच्या आणि शेतमजुरांच्या तोंडी तोहोकुची, म्हणजे ईशान्येकडची, वाटावी अशी भाषा घालण्याची रीत होती, आणि तोहोकुच्या माणसांना ती खुपत असे. आपल्याकडे रा. रं. बोराडे यांनी १९७१ च्या 'पाचोळा' या कादंबरीत सगळी कहाणी एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून बोलीतच सांगितली आणि निवेदनाचा अधिकार बोलीकडे दिला. अनुवादातही तोच नियम धरावा आणि संपूर्ण मजकूर, वर्णनांसह, बोलीतच आणावा.

मुळातच दोन भाषा असतील तर हा नियम सोडावा लागतो. इवातेचेच कवी मियाझावा केंजी यांची बहीण तोशी २७ नोव्हेंबर १९२२ रोजी वारली. त्या सकाळवरची त्यांची कविता १९२४ च्या संग्रहात आहे. कवितेचा देह प्रमाण जपानीत आहे आणि बहिणीचे शब्द तिच्या बोलीत, कंसात येतात. एक ओळ तर रोमन अक्षरांत आहे, आणि त्या ओळींचे अर्थ केंजींनी स्वतः टिपांमध्ये दिले आहेत. येथे बोली हसण्यासाठी आलेली नाही. जाणाऱ्या माणसाचा आवाज जसाच्या तसा धरून ठेवण्यासाठी आली आहे. ही कविता मराठीत आणताना भावाची भाषा प्रमाण ठेवावी आणि तोशीचे शब्द आपल्या बोलीत करावेत. ती लातूरची वाटेल, ही शंका रास्त आहे. मला तो धोका पत्करण्याजोगा वाटतो, कारण तिचे बोलणे सपाट केले तर कविताच उरत नाही. रोमन अक्षरांतली ती ओळ पुढे वाकाताके चिसाको यांच्या कादंबरीचे नाव झाली, आणि इवातेतल्याच तोनो गावच्या बोलीने भरलेल्या त्या कादंबरीला जपानचे मानाचे अकुतागावा साहित्य पारितोषिक मिळाले. म्हणजे एका कवितेतील बोलीची ओळ नव्वदहून अधिक वर्षांनी एका वृद्ध बाईची अख्खी गोष्ट सांगायला पुरली.

लेखन

लेखनाचे नियम स्वतः ठरवावेत, एका पानावर लिहून भिंतीला लावावेत आणि शेवटपर्यंत पाळावेत. 'न्हाई', 'नाई' आणि 'नाय' यांपैकी एक निवडावे. एकाच गावात एका घरी 'पाणी' आणि दुसऱ्या घरी 'पानी' असते; ठरवलेली व्यक्ती जे म्हणते तेच लिहावे आणि त्यात कमी-जास्त मानू नये. यामाउरांनी केसेनचे उच्चार नेमके दाखवता यावेत म्हणून तिच्यासाठी रोमन लिपीतील वेगळी लेखनपद्धतीही तयार केली. आपल्याला देवनागरी पुरते. अडचण फक्त 'चार' आणि 'चाक' यांतील निराळ्या च-ची आणि तशाच ज-ची आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांसाठी शब्दसूचीत त्या अक्षराखाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यावा, मजकुरात देऊ नये. शब्दसूची शेवटी असावी. ओळीओळीला कंसात अर्थ दिला की बोलीला कुबड्या दिल्यासारखे दिसते.

वाचून दाखवणे आणि जपून ठेवणे

मसुदा तयार झाला की ज्या व्यक्तीची बोली ठरवली तिला तो वाचून दाखवावा आणि तिच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवावे. ती नको त्या जागी हसली तर तेथे काहीतरी चुकले आहे. ती 'असं कोण म्हणतंय?' असे म्हणाली तर वाद न घालता तिचे वाक्य लिहून घ्यावे. पुष्कळदा ती प्रथम बिचकते. तिच्या बोलण्याला शाळेत, कचेरीत आणि सुनेच्या माहेरी इतक्यांदा सुधारले गेलेले असते की ते छापण्याजोगे आहे यावर तिचा विश्वास बसत नाही. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर तर शाळेत स्थानिक भाषा बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, तिला 'होगेन-फुदा', म्हणजे बोलीची पाटी, म्हणत. दुसरे मूल तसे बोलताना सापडेपर्यंत ती गळ्यातच राहत असे. आमच्याकडे पाटी नव्हती. माझ्या निबंधाच्या वहीत 'लई' या शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ असे, आणि त्या वर्तुळाने पाटीचेच काम केले.

युनेस्कोने २००९ साली जपानमधील आठ भाषा धोक्यात असल्याचे नोंदवले. त्यांत उत्तरेकडची ऐनू आणि ओकिनावाकडील भाषा होत्या, केसेन नव्हती. प्रमाण भाषेच्या जवळच्या बोली अशा याद्यांत येत नाहीत, कारण त्या एके दिवशी बंद पडत नाहीत. एकेक शब्द, एकेक प्रत्यय करीत त्या प्रमाण भाषेत विरघळून जातात. आपलेही तसेच आहे. त्यामुळे कोणीतरी धोक्याची घंटा वाजवेल याची वाट पाहू नये.

अंतिम मजकुराचे वाचन त्याच व्यक्तीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावे. तिला वाचता येत नसेल तर वाक्य ऐकून तिने म्हणावे. लेखी मजकूर आणि आवाज एकत्र ठेवावेत. मुक्त परवान्याखाली ते इंटरनेट आर्काइव्हवर ठेवता येतात, ध्वनिमुद्रण विकिमीडिया कॉमन्सवरही जाते. त्याखेरीज कागदी प्रती काढून गावच्या वाचनालयात, शाळेत आणि दोन नातेवाइकांच्या घरी द्याव्यात. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीचे पाणी ओफुनातोतील प्रकाशकाच्या गोदामात शिरले आणि केसेन शुभवर्तमानांच्या उरलेल्या प्रती भिजल्या. त्या वाळवण्यात आल्या आणि पाण्यातून निघालेले बायबल म्हणून वाचकांनी त्या विकत घेतल्या. ही गोष्ट ऐकायला सुंदर आहे, पण सगळ्या प्रती एकाच ठिकाणी ठेवू नयेत हा तिच्यातला भाग अधिक कामाचा आहे.

जे शब्द सापडत नाहीत त्यांचे काय करावे, हा प्रश्न राहतो. माझ्या उद्देशिकेच्या मसुद्यात 'न्याया'ला 'न्याव' सहज मिळाला आणि 'स्वातंत्र्या'जवळ 'मोकळीक' येऊन बसली. 'बंधुता' मात्र अडली. 'भाऊ' या शब्दापासून आमच्या बोलीने जे दोन शब्द घडवले ते 'भावकी' आणि 'भाऊबंदकी', आणि त्या दोहोंचाही शेवट बांधाच्या भांडणात आणि तहसीलच्या पायऱ्यांवर होतो. गावातल्या एका आजीने 'मिळून-मिसळून ऱ्हाणं' सुचवले आहे. ते पटते, पण उद्देशिकेच्या वाक्यात अजून बसत नाही. अशा जागी ओढूनताणून शब्द घालू नये. तेथे मोकळी चौकट ठेवावी, पेन्सिलने तारीख टाकावी, सुचवलेला शब्द सांगणाऱ्याच्या गावासह समासात लिहावा आणि पुढच्या येळवसेला वही पुन्हा रानात न्यावी.